राजाचा धर्म आणि प्रजेची धास्ती

मुंबई बेट इंग्रजांस आंदण मिळालें, हें वाक्य आपल्याकडील प्रत्येक शाळकरी मुलास पाठ असतें. परंतु ज्या नवरीबरोबर तें आंदण गेलें, तिचें पुढें सासरीं काय झालें, हें विचारणारा विद्यार्थी मला साऱ्या नोकरींत भेटला नाहीं. आणि खरें बोलावयाचें तर मींही तें आपण होऊन कोणास सांगितलें नाहीं. इ. स. १६६१ च्या तहान्वयें पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्यास देण्याचें ठरलें, व पुढल्या वर्षीं पोर्ट्समथ येथें हा विवाह झाला. मुलगी कॅथोलिक पंथाची, सासर प्रॉटेस्टंट. त्यामुळें लग्न दोनदां लागलें: एकदां दार लावून घेऊन कॅथोलिक विधीनें, आणि नंतर उघडपणें इंग्लंडच्या राजमान्य विधीनें. सोळा वर्षें संसार झाल्यावर, १६७८ च्या नोव्हेंबरांत, टायटस ओट्स नांवाच्या एका भामट्यानें पार्लमेंटपुढें उभें राहून ह्याच राणीवर आरोप केला कीं, नवऱ्यास विष घालण्याच्या कटांत ती सामील आहे! राजानें त्यावर विश्वास ठेवला नाहीं, म्हणून ती वांचली. ज्यांच्या पाठीशीं राजा उभा राहिला नाहीं, असे वीसेक निरपराध लोक मात्र त्या दोन-तीन वर्षांत प्राणांस मुकले.

व्यापारांत हुशार, कायद्याचा अभिमानी आणि विद्येंत पुढारलेला असा हा देश. त्यास परक्या घरांतून आलेल्या एका निपुत्रिक सुनेची एवढी धास्ती कां वाटावी?

ह्या प्रश्नाकडे मी आपल्या बुद्धीनें वळलों नाहीं. एका मुलानें मला वळविलें. मी शाळेंत संस्कृत शिकवीत असें. एके वर्षीं इतिहासाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले व त्यांचे तास माझ्या गळ्यांत पडले. इंग्लंडांतील १६८८ च्या राज्यक्रांतीचा पाठ होता. मीं फळ्यावर कारणें लिहिलीं: एक, राजा दुसरा जेम्स हा कॅथोलिक होता, दोन, तो मनमानी करी, तीन, त्यास मुलगा झाला. मागच्या बाकावरून वसईकडील एक मुलगा उठला. घरचा ख्रिस्ती, आणि मराठी माझ्याइतकीच अस्सल. तो म्हणाला, "गुरुजी, कॅथोलिक असणें हें कारण कसें? तो काय अपराध आहे?" वर्ग हंसला. मी म्हणालों, "पुस्तकांत आहे तेवढें लिहून घे आणि खालीं बस." तो बसला. पुढें वर्षभर माझ्या तासास त्यानें पुन्हां हात वर केला नाहीं.

निवृत्तीनंतर हातीं वेळ आला, तेव्हां त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास मी बसलों. तो मुलगा आतां कोठें असेल, देव जाणे. निदान वाचकांपुढें तरी तें उत्तर ठेवावें, म्हणून हा लेख.

भीतीचें मूळ

प्रथम पंथभेदाविषयीं दोन शब्द. कॅथोलिक व प्रॉटेस्टंट हे दोघेही ख्रिस्ताचेच उपासक. रोमचा पोप हा सर्व ख्रिस्ती लोकांचा धर्मगुरु व धर्माच्या बाबतींत त्याची आज्ञा प्रमाण, हें कॅथोलिकांचें मत. १५१७ सालीं जर्मनींत मार्टिन ल्यूथरनें ह्या सत्तेविरुद्ध आवाज उठविला. पोपची सत्ता झुगारून केवळ बायबल प्रमाण मानणारे ते प्रॉटेस्टंट. आपल्याकडील द्वैत-अद्वैताच्या वादाप्रमाणें हा वाद पंडितांच्या सभेंतच राहता, तर फार तर दोन-चार ग्रंथ अधिक झाले असते. परंतु युरोपांत त्यावेळीं धर्मपीठ व राजपीठ हीं एकमेकांत अशीं गुंतलेलीं होतीं कीं, एकाचा धागा ओढला म्हणजे दुसऱ्याची वीण उसवे. १५५५ सालीं ऑग्सबर्गच्या तहानें जर्मनींत असें तत्त्वच ठरलें कीं, राजाचा जो पंथ तोच प्रजेनें पाळावा. आपल्या घरांतून वडील शिवाचे उपासक, काका पंढरीचे वारकरी, सून माहेरच्या देवीचें व्रत चालविणारी, आणि तरी पंगत एकच, हें चित्र आपल्या परिचयाचें असतें. त्यामुळें राजाच्या उपासनेवर प्रजेचें इहपर अवलंबून असावें, ही कल्पना आपणांस चमत्कारिक वाटते. आपल्याकडे भेद नाहींत, असा ह्याचा अर्थ नव्हे. ते निराळ्या जागीं आहेत, इतकेंच.

इंग्लंडांत आठव्या हेन्रीनें १५३४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें देशाच्या चर्चचें मुख्यत्व स्वतःकडे घेतलें. तेव्हांपासून राजाचें चर्च सोडणें म्हणजे राजासच सोडणें, असें समीकरण बसलें. त्याची मुलगी मेरी १५५३ सालीं गादीवर आली, ती निष्ठावंत कॅथोलिक. तिनें देश पुन्हां रोमच्या आज्ञेंत नेला. आणि १५५५ ते १५५८ ह्या अवघ्या चार वर्षांत सुमारें २८० प्रॉटेस्टंटांस जिवंत जाळण्यांत आलें. त्यांत बिशप होते, तसे विणकर व कारागीरही होते, स्त्रियाही होत्या. जॉन फॉक्स नांवाच्या ग्रंथकारानें ह्या हुतात्म्यांच्या कथा एका प्रचंड ग्रंथांत गोळा केल्या. १५६३ सालीं तो इंग्रजींत निघाला, आणि १५७१ सालीं मोठमोठ्या चर्चमंदिरांतून तो ठेवावा असा हुकूम सुटला. पुढें कित्येक पिढ्या इंग्रज मुलें त्यांतील जळत्या सरणांचीं चित्रें पाहत लहानाचीं मोठीं झालीं. आजीनें सांगितलेली भुताची गोष्ट मोठेपणींही अंधारांत आठवते. ही तर घडलेली गोष्ट होती.

मेरीच्या मागून एलिझाबेथ आली, ती प्रॉटेस्टंट. १५७० सालीं पोप पांचवा पायस ह्यानें आज्ञापत्र काढून तिला पदच्युत ठरविलें, आणि तिच्या प्रजेस राजनिष्ठेच्या शपथेंतून मोकळें केलें. माझ्या मतें साऱ्या प्रकरणाची मेख येथें आहे. भाकर आणि द्राक्षरस ह्यांचे ख्रिस्ताच्या देहांत रूपांतर होतें कीं नाहीं, ह्याची चिंता लंडनच्या वाण्याउदम्यास फारशी नसेल. परंतु समुद्रापलीकडे बसलेला एक धर्मगुरु आपल्या शेजाऱ्याची शपथ रद्द करूं शकतो, ही गोष्ट त्याच्या मनांत रुतून बसली. शपथेवर कर्ज दिलें जातें, शपथेवर साक्ष घेतली जाते, शपथेवर शिपाई पहारा करतो. ज्याची शपथ दुसऱ्याच्या हातीं, त्यावर विश्वास कसा ठेवावा? त्या आज्ञापत्रानें एलिझाबेथचें कांहींच गेलें नाहीं. हाल झाले ते इंग्लंडांतील कॅथोलिकांचे. पोपचें ऐकावें तर राजद्रोह, राणीचें ऐकावें तर धर्मद्रोह, अशा कात्रींत ते सांपडले.

पुढील घटनांनीं संशयास खतपाणीच घातलें. १५७२ सालीं पॅरिसांत प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली. १५८८ सालीं स्पेनच्या कॅथोलिक राजाचें प्रचंड आरमार इंग्लंडवर चालून आलें. १६०५ सालीं कांहीं कॅथोलिक तरुणांनीं पार्लमेंटच्या इमारतीखालीं दारूचीं ३६ पिंपें भरून राजासह सर्व सभासदांस उडवून देण्याचा कट केला. ५ नोव्हेंबर रोजीं तो फसला. त्या रात्रीच्या होळ्या इंग्लंडांत अद्यापि पेटतात.

ही भीति सर्वथा निराधार होती, असें निदान आपण तरी म्हणूं नये. वाचकांपैकीं ज्यांचें कुलदैवत गोमंतकांत आहे, त्यांस हें सांगणें नलगे. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायासन बसलें व तें १८१२ पर्यंत टिकलें. त्याच १५६० सालीं श्रीमंगेशास कुशस्थळी सोडून पोर्तुगीज हद्दीबाहेर प्रियोळास जावें लागलें. धर्मपीठाच्या हातांत राजदंड आला म्हणजे काय होतें, हें आपल्या पूर्वजांनीं पाहिलें आहे. परंतु त्याचबरोबर हेंही पाहिलें पाहिजे कीं, राजदंड प्रॉटेस्टंटांच्या हातीं असतांना तो मऊ झाला नव्हता. एलिझाबेथच्या कारकीर्दींत दीडशेंहून अधिक कॅथोलिक देहदंडास गेले, आणि राजमान्य उपासनेस गैरहजर राहणाऱ्यास १५८१ पासून दरमहा २० पौंड दंड ठरला. सरकार म्हणे, ही शिक्षा धर्मासाठीं नसून राजद्रोहासाठीं आहे. फांसावर चढणाऱ्यास त्या भेदाचें समाधान कितपत वाटलें असेल?

संशय कारणापुढें धांवतो

दुधानें तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, असें आपण म्हणतों. येथवर दूध खरेंच कढत होतें. आतां ताक फुंकण्याचा प्रकार पाहावा.

२ सप्टेंबर १६६६ रोजीं लंडनच्या पुडिंग लेन नांवाच्या गल्लींतील एका भटारखान्यास आग लागली, आणि चार दिवसांत तेरा हजारांवर घरें व ८७ चर्चें भस्मसात् झालीं. उन्हाळा कडक गेलेला, घरें लांकडीं, गल्ल्या अरुंद, वारा सोसाट्याचा. कारण शोधण्यास दूर जावयास नको होतें. परंतु लोकांनीं तें दूर जाऊन शोधलें: आग कॅथोलिकांनीं लावली! एका अर्धवट फ्रेंच घड्याळजीनें मींच ती लावली असें कबूल केलें, आणि त्यास फांशी देण्यांत आलें. आग लागली तेव्हां तो लंडनांत आलेलाच नव्हता, हें मागाहून कळलें. आगीच्या स्मरणार्थ २०२ फूट उंचीचा एक स्तंभ उभारला गेला. त्यावर १६८१ सालीं लॅटिन लेखांत भर घालून ह्या अनर्थाचें खापर कॅथोलिकांच्या माथीं फोडण्यांत आलें. हीं अक्षरें लक्षांत ठेवावीं. त्यांची कथा पुढें यावयाची आहे.

१६७३ सालीं पार्लमेंटनें कसोटीचा कायदा केला. सरकारी नोकर होऊं इच्छिणाऱ्यानें इंग्लंडच्या चर्चच्या विधीनें प्रसाद घ्यावा, आणि भाकर व द्राक्षरस ह्यांचें रूपांतर होतें हें मत मला मान्य नाहीं असें लिहून द्यावें. जकातीच्या कारकुनाकडून हिशेब चोख हवा, तर द्रव्य आणि गुण ह्यांच्या शास्त्रार्थांत त्याची सही घेण्यांत येऊं लागली! ह्या कायद्यामुळें राजाचा सख्खा भाऊ व वारस जेम्स हा कॅथोलिक झाला असल्याचें उघडकीस आलें. त्यानें आरमाराचें मुख्य पद सोडलें.

अशा तापलेल्या हवेंत १६७८ सालीं टायटस ओट्सनें आपली बनावट कहाणी आणली: जेझुइट लोक राजास मारून जेम्सला गादीवर बसविणार आहेत. ज्या न्यायाधिकाऱ्यापुढें त्यानें शपथेवर ही हकीकत सांगितली, तो सर एडमंड गॉडफ्री थोड्याच दिवसांत शहराबाहेर मृत सांपडला. त्याचा खून कोणीं केला हें आजतागायत सिद्ध झालेलें नाहीं. परंतु लोकांपुरतें तेवढ्यानें सर्व सिद्ध झालें. ओट्स ज्याचें नांव घेई तो तुरुंगांत जाई. शेवटचा बळी आर्माचा आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट. त्यास १ जुलै १६८१ रोजीं लंडनांत ठार करण्यांत आलें. १९७५ सालीं कॅथोलिक चर्चनें त्यास संतपद दिलें. ओट्सवर १६८५ सालीं खोट्या शपथेचा गुन्हा शाबीत होऊन फटके बसले. पण १६८८ च्या क्रांतीनंतर तो सुटला, आणि त्यास तनखाही मिळाला! ज्यांस आपण शपथ मोडणारे म्हणून भीत होतों, त्यांतले कित्येक शपथेसाठीं मेले; आणि शपथेवर खोटें बोलणारा तनखा खात बसला.

दुसऱ्या जेम्सचा खरा अपराध

जेम्स १६८५ सालीं राजा झाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें प्रॉटेस्टंटांस पूर्वीं दिलेलें अभयपत्र रद्द केलें. हजारों फ्रेंच प्रॉटेस्टंट विणकर, सोनार, घड्याळजी बायकामुलांसह इंग्लंडच्या किनाऱ्यास लागले. त्यांच्या तोंडची हकीकत ऐकून लंडनकर आपल्या राजाकडे कोणत्या दृष्टीनें पाहूं लागला असेल, हें सांगावयास नको.

आतां जेम्सनें काय केलें तें पाहूं. कसोटीचा कायदा असतांही त्यानें सैन्यांत कॅथोलिक अधिकारी नेमले. १६८७ सालीं जाहीरनामा काढून त्यानें कॅथोलिकांवरील व इतर पंथांवरील निर्बंध एकदम तहकूब केले. केवळ शब्द पाहिले तर हा जाहीरनामा उदार वाटतो. त्यांत वाईट काय होतें? वाईट एवढेंच कीं, पार्लमेंटनें केलेला कायदा राजानें केवळ आपल्या इच्छेनें बाजूस सारला. ज्या इच्छेनें आज बंधन सुटतें, त्याच इच्छेनें उद्यां तें आवळतां येतें. लुईचें उदाहरण डोळ्यांपुढें होतें. १६८८ सालीं हा जाहीरनामा सर्व चर्चांतून वाचावा असा हुकूम सुटला, तेव्हां सात बिशपांनीं नम्रपणें अर्ज केला कीं, असा अधिकार कायद्यानें राजास नाहीं. राजानें त्यांच्यावर खटला भरला. ३० जून रोजीं पंचांनीं त्यांस निर्दोषी ठरविलें, तेव्हां राजाच्या छावणींतील शिपायांनींही जयघोष केला.

त्याच जून महिन्याच्या १० तारखेस राजास मुलगा झाला होता. आतां कॅथोलिक राज्य एका पिढीपुरतें राहणार नाहीं, हें लोकांस कळून चुकलें. बातमी अशी उठली कीं, मूल राणीचें नव्हेच. अंथरूण ऊबदार करण्याच्या निखाऱ्यांच्या भांड्यांतून दुसऱ्याचें पोर तिच्या खोलींत चोरून नेलें! प्रसूतीच्या वेळीं खोलींत दरबारचीं कित्येक माणसें हजर होतीं. तरी लोकांनीं विश्वास ठेवला तो भांड्यावर. ५ नोव्हेंबर रोजीं जेम्सचा प्रॉटेस्टंट जांवई विल्यम हॉलंडहून फौजेसह उतरला, आणि डिसेंबरांत जेम्स फ्रान्सला पळाला.

१६८९ च्या हक्कांच्या कायद्यांत पार्लमेंटनें दोन गोष्टी घातल्या. पहिली, पार्लमेंटच्या संमतीवांचून राजानें कोणताही कायदा तहकूब करूं नये. दुसरी, कॅथोलिक असलेल्या किंवा कॅथोलिकाशीं विवाह केलेल्या व्यक्तीस गादी मिळूं नये. १७०१ च्या वारसाहक्काच्या कायद्यानें ही दुसरी गोष्ट अधिक पक्की केली; म्हणून १७१४ सालीं पन्नासांहून अधिक जवळचे कॅथोलिक वारस ओलांडून हॅनोव्हरचा जॉर्ज आणून बसविण्यांत आला.

माझ्या अल्पमतीस वाटतें तें असें. पहिल्या कलमानें राजाचे हात बांधले, दुसऱ्यानें त्याचें मन. हात एकदां नीट बांधल्यावर मन बांधण्याचें कारण उरत नाहीं; आणि हात मोकळे असतील तर राजा आपल्याच पंथाचा असल्यानेंही प्रजेचें रक्षण होत नाहीं. जेम्स कोणत्या वेदीपुढें गुडघे टेकतो हा त्याचा अपराध नव्हता. कायद्यापुढें तो मान लववीत नव्हता, हा होता. त्या मुलास मीं हें सांगावयास हवें होतें. अर्थात्, त्या काळच्या माणसांस दोन्ही गोष्टी एकच दिसल्या, ह्याबद्दल त्यांस फार दोष देतां येत नाहीं. जळत्या घरांतून बाहेर पडलेला मनुष्य प्रत्येक दिव्यास भितो. दोष आहे तो पुढच्या पिढ्यांचा. घर केव्हांच विझलें होतें, तरी त्यांनीं शेजाऱ्यास दिवा लावूं दिला नाहीं.

शंकेची किंमत

ही किंमत कोणीं दिली? कॅथोलिक माणसास पार्लमेंट बंद, सरकारी पद बंद, जमीन विकत घेणें बंद. १७०० च्या सुमारास झालेल्या एका कायद्यानें कॅथोलिक पाद्री पकडून देणाऱ्यास १०० पौंड बक्षीस, आणि शाळा चालविणाऱ्या कॅथोलिक शिक्षकास जन्मठेप! आयुष्यभर खडू हातांत धरलेल्या माझ्यासारख्यास हें कलम वाचून जें वाटलें, तें लिहून दाखविण्याची गरज नाहीं. ह्या शिक्षा नेहमीं अंमलांत येत असें नव्हे. परंतु शेजाऱ्यानें मनांत आणलें तर येऊं शकत, एवढें माणसाची मान खालीं घालण्यास पुरे आहे. आणि आयर्लंडांत तर बहुसंख्य प्रजाच कॅथोलिक. तेथें असे निर्बंध अल्पांनीं बहुतांवर लादलेले होते.

येथें एक गंमत नमूद करावीशी वाटते. मुंबई ज्या तहानें इंग्रजांस मिळाली, त्यांतच तेथील कॅथोलिक रहिवाश्यांस त्यांची उपासना निर्वेधपणें करूं देण्याचें वचन होतें. म्हणजे जें लंडनांत राज्यास घातक, तें मुंबईंत तहाचें कलम! कॅथोलिक प्रजा असूनही मुंबईवरील इंग्रजांचें निशाण कांहीं खालीं आलें नाहीं.

१७७८ सालीं ह्या निर्बंधांतील कांहीं सैल केले. तो जन्मठेपेचा नियमही गेला. तेवढ्यानें वादळ उठलें. २ जून १७८० रोजीं लॉर्ड जॉर्ज गॉर्डन ह्याच्या पुढारीपणाखालीं सुमारें ५०,००० लोक टोप्यांस निळ्या फिती लावून पार्लमेंटवर चालून गेले. कॅथोलिकांचीं मंदिरें व घरें जाळलीं गेलीं, न्यूगेटचा तुरुंग पेटविला गेला. शेवटीं सैन्यास गोळ्या घालाव्या लागल्या व सुमारें ३०० लोक मेले. डिकन्सनें पुढें आपल्या 'बार्नबी रज' ह्या कादंबरींत हे दिवस रंगविले आहेत. गॉर्डन स्वतः नंतर ज्यू धर्मांत गेला, आणि १७९३ सालीं दुसऱ्या एका गुन्ह्यासाठीं त्याच न्यूगेटच्या तुरुंगांत वारला.

अशा स्थितींत शहाणपणाची एक गोष्ट घडली. तर्क करीत बसण्यापेक्षां समोरच्यास सरळ विचारावें, हें मुख्य प्रधान पिट ह्यास सुचलें. त्याच्या सूचनेवरून इंग्रज कॅथोलिकांनीं १७८९ च्या सुमारास पॅरिस, लूव्हेन, दुए, साल्मांका, अल्काला व वायादोलिद ह्या सहा कॅथोलिक विद्यापीठांस तीन प्रश्न धाडले. इंग्लंडांत पोपची कांहीं राजकीय सत्ता आहे काय? प्रजेस राजनिष्ठेच्या शपथेंतून तो मोकळें करूं शकतो काय? परपंथीयाशीं वचन पाळूं नये असें तुमच्या धर्मांत आहे काय? साही ठिकाणांहून उत्तर आलें: नाहीं. १५७० ते १७८९, म्हणजे दोनशेंएकोणीस वर्षें जो प्रश्न रक्त सांडून विचारला जात होता, तो शेवटीं टपालानें सुटला!

निदान सुटावयास हवा होता. परंतु १८०१ सालीं पिटनें कॅथोलिकांस समान हक्क देण्याचें मनांत आणतांच राजा तिसरा जॉर्ज आडवा आला. राज्याभिषेकाच्या वेळीं प्रॉटेस्टंट धर्म रक्षीन अशी आपण शपथ घेतली आहे, ती मोडणार नाहीं, असें त्यानें म्हटलें. पिटनें राजीनामा दिला. राजा ढोंगी नव्हता. तो खरोखरच शपथेस भीत होता. भल्या माणसाचा प्रामाणिक हट्टही कसा अडसर होतो, ह्याचें हें उदाहरण आहे. १८२८ सालीं आयर्लंडांतील क्लेअर परगण्यानें डॅनिएल ओकॉनेल ह्या कॅथोलिक वकिलास पार्लमेंटवर निवडून दिलें, आणि कायद्यानें त्यास आंत बसतां येईना. आयर्लंड पेटण्याच्या बेतांत आलें, तेव्हां जन्मभर विरोध केलेल्या वेलिंग्टन आणि पील ह्यांनींच १३ एप्रिल १८२९ रोजीं कॅथोलिकांच्या मुक्ततेचा कायदा संमत करविला. पुढल्याच वर्षीं, १८३० सालीं, त्या अग्निस्तंभावरील कॅथोलिकांस दोष देणारीं अक्षरें छिनीनें काढून टाकण्यांत आलीं. जेम्सच्या राज्यांत तीं एकदां पुसलीं होतीं, विल्यमच्या राज्यांत पुन्हां कोरलीं होतीं. शेवटीं दगडासही कंटाळा आला असावा.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेनें दुसरी वाट धरली. १७८७ च्या राज्यघटनेंत त्यांनीं लिहिलें कीं, कोणत्याही पदासाठीं धर्माची कसोटी लावूं नये. १७९१ च्या दुरुस्तीनें संस्थापित धर्मच नको असें ठरविलें. धर्मपीठ वेगळें, राजपीठ वेगळें. परंतु कायदा बदलला म्हणून मन लगेच बदलतें असें नाहीं. १९२८ सालीं अल् स्मिथ हा कॅथोलिक गृहस्थ अध्यक्षपदास उभा राहिला, तेव्हां पोप आतां अमेरिकेवर राज्य करणार अशी हाकाटी झाली व तो पडला. इतरही कारणें होतीं, पण हें मोठें होतें. १९६० सालीं केनेडी उभे राहिले. १२ सप्टेंबर रोजीं ह्यूस्टन येथें ते प्रॉटेस्टंट पाद्र्यांच्या सभेस स्वतः गेले आणि आपला पंथ न लपवितां त्यांनीं सांगितलें कीं, सार्वजनिक कारभारांत आपण कोणत्याही धर्मगुरूची आज्ञा घेणार नाहीं, आणि सदसद्विवेकबुद्धि व राष्ट्रहित ह्यांत कधीं विरोध आलाच तर पद सोडूं. ते निवडून आले. २०२१ सालीं दुसरे कॅथोलिक अध्यक्ष बायडन आले, तेव्हां पोप राज्य करील ह्या जुन्या ओरडीस कोणी विचारीना.

न्यायबुद्धीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, संशय मिटण्यास दुसऱ्या बाजूसही कांहीं करावें लागलें. १८६४ सालीं पोप नववा पायस ह्यानें चुकीच्या मतांची जी यादी प्रसिद्ध केली, तींत धर्मपीठ व राजपीठ विभक्त असावीं हें मतही होतें. अशी यादी हातीं असतां शेजाऱ्यास निश्चिंत राहा म्हणणें कठीण. ७ डिसेंबर १९६५ रोजीं व्हॅटिकन परिषदेनें जाहीर केलें कीं, धर्माच्या बाबतींत कोणावर बळजबरी होऊं नये, हा मनुष्यमात्राचा हक्क आहे. १५७० च्या आज्ञापत्राचें खरें उत्तर रोमहून आलें तें असें, ३९५ वर्षांनीं.

उपसंहार

सुंभ जळला तरी पीळ राहतो. इंग्लंडच्या राजघराण्यांतील व्यक्तीस कॅथोलिकाशीं विवाह करूनही वारसाहक्क राखतां येतो, हें २०१३ च्या कायद्यानें ठरलें व २०१५ पासून अंमलांत आलें. परंतु राजा स्वतः कॅथोलिक नसावा, हें १७०१ चें कलम अद्यापि आहे. तें कलम कायम असतांच २३ ऑक्टोबर २०२५ रोजीं राजा तिसरा चार्ल्स रोमला गेला, आणि पोप चौदावा लिओ ह्यांच्यासह सिस्टाइन मंदिरांत उघडपणें प्रार्थनेस बसला. पंथ वेगळे झाल्यापासून इंग्लंडचा राजा व पोप असे एकत्र प्रार्थनेस बसण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. लंडनांत कोणीं होळी पेटविली नाहीं.

बिचारी कॅथरिन १६९२ सालीं माहेरीं परत गेली. तेथें भावाच्या आजारपणांत तिनें कांहीं काळ राज्याचा कारभारही पाहिला, आणि १७०५ च्या अखेरच्या दिवशीं ती वारली. जिच्या हातून नवऱ्याच्या पेल्यास धोका आहे असें एका देशास वाटलें, तिच्या हातीं दुसऱ्या देशानें आपलें राज्य सोंपविलें होतें.

शेजाऱ्याची धास्ती वाटणें हा मनुष्यस्वभाव आहे, आणि कधीं कधीं तिला खरें कारणही असतें. अशा वेळीं त्याच्या देव्हाऱ्यांत डोकावूं नये. त्याच्या हातांत कोणती सत्ता आहे, आणि तिला कायद्याचा लगाम आहे कीं नाहीं, तेवढें पाहावें. तोच लगाम आपल्याही हातांस असावा. इंग्लंडास हें समजण्यास अडीचशें वर्षें लागलीं. मला एका शाळकरी मुलानें तें एका वाक्यांत विचारलें होतें, आणि मीं त्यास खालीं बसविलें. आज तो वर्ग पुन्हां मिळाला, तर फळ्यावर तीन कारणें लिहिणार नाहीं. एकच लिहीन: राजानें कायदा मोडला. आणि मग त्या मुलाकडे वळून, वर्गादेखत, त्याचा प्रश्न बरोबर होता असें सांगेन.